रा. रा. पाचशे वॉट यांस

मुक्काम : कॅबिनेटचा मागचा वरचा कोपरा,
मार्गासनीच्या पुढचे एक गाव, तालुका वेल्हे (सरकारी कागदावर आता राजगड).



पत्रास कारण की, आपण गेली काही वर्षे जो उद्योग करत आहात तो दुसऱ्याच्या नावावर खपतो आहे. आपल्या कर्तृत्वाचे श्रेय भलतेच कोणी घेऊन जावे, हे आम्हाला बघवत नाही.

आपण एसएमपीएस. कॅबिनेट घेतले की त्यासोबत फुकट येणारे. भिंतीतल्या 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 करून मदरबोर्डला द्यायचे, एवढेच आपले काम. ते होत नाही म्हणून कॉम्प्युटर बंद पडतो. पण भोर-वेल्ह्यात कॉम्प्युटर बंद पडला की माणूस आपल्याकडे बघतच नाही, तो खिडकीतून डीपीकडे बघतो. "व्होल्टेज नसेल," घरातले म्हणतात, शेजारी म्हणतात, चहाला आलेला पाहुणाही म्हणतो. का म्हणणार नाहीत? वाडीवरची लाईन शेवटच्या टोकाची. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की ट्यूब नुसती लुकलुकते. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की वायरमन येईपर्यंत अंधार. आणि भाटघर धरणाखाली 16 मेगावॉटचे वीजघर, पानशेत आणि वरसगावच्या पायथ्याशी 8-8 मेगावॉटची! वीजघरातली वीज थेट शेजारच्या वाडीत उतरत नाही, ग्रीडमध्ये जाते, हे आम्हालाही कळते. तरी बोलायला ते बरे पडते.

ही तक्रार खरी आहे, आणि तीच आपली सोय आहे. गावाला खरोखरच लो व्होल्टेज असल्यामुळे आपल्या पोटातल्या लो व्होल्टेजची चौकशी कोणी करत नाही. याहून चांगला आडोसा कुठल्या आरोपीला मिळाला असेल असे वाटत नाही.

आता प्रकरण काय ते सांगतो. आमचा एक दोस्त लग्नाचे शूटिंग करतो आणि घरीच एडिटिंग करतो. मशीन सेकंडहँड : एएमडीचा एफएक्स-8350, 2012 सालचा, आठ कोअरचा, मूळ वेग 4 गिगाहर्ट्झ, 125 वॉटचा. सोबत जीटीएक्स 1060 ग्राफिक कार्ड. हळदीपासून वरातीपर्यंतचा व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला फार वेळ लागतो म्हणून त्याने बायोसमध्ये जाऊन प्रोसेसर 4.6 वर चढवला आणि कोअरचे व्होल्टेज 1.35 वरून 1.45 केले. तेव्हापासून एक्स्पोर्ट चालू केला की मशीन मधेच रिस्टार्ट. नवरा-नवरी बोहल्यावर चढली की हमखास.

दोस्ताने आधी स्टॅबिलायझर आणला. मग 600 व्हीएचा यूपीएस आणला. फरक शून्य. दोन्ही वेळा पैसे त्याचे गेले आणि आपण कोपऱ्यात पंखा फिरवत गप्प बसलात. एकदाही म्हणाला नाहीत की बाबा रे, खर्च करू नकोस, तो मीच.

आपला आडोसा मोडला तो एका साध्या गोष्टीने. संध्याकाळी सॉकेटमध्ये मीटर घातले तर 195 च्या आसपास व्होल्ट. नियम म्हणतो 230 च्या अधिक-उणे 6 टक्के, म्हणजे 216 च्या खाली जायला नको. गावाची तक्रार इथे कागदोपत्री सिद्ध. पण रात्री एक वाजता, सगळ्या मोटारी बंद, सॉकेटमध्ये 232 व्होल्ट, आणि एक्स्पोर्ट चालू केल्यावर मशीन तरीही रिस्टार्ट! आता डीपीला काय दोष देणार?

मग मीटरची लाल पिन पिवळ्या वायरीच्या कनेक्टरमध्ये मागून घातली, काळी पिन काळ्या वायरीला. मशीन नुसते चालू असताना 11.9. एक्स्पोर्ट चालू केल्यावर 11.1. एटीएक्सच्या मानकानुसार 12 व्होल्टला 5 टक्क्यांची सूट आहे, म्हणजे 11.4 ही शेवटची पायरी, आणि आपण तिच्याही खाली. (स्क्रीनवर आकडे दाखवणारे सॉफ्टवेअर आहे, पण ते मदरबोर्डवरच्या सेन्सरच्या भरवशावर बोलते आणि कधी कधी बिनदिक्कत 8 व्होल्ट सांगते. 8 व्होल्टवर कॉम्प्युटर चालत नसतो. शेवटचा शब्द मीटरचा.)

याहून मजा लाल वायरीत होती. तिथे 5 चे 5.3 झाले होते. 12 खाली गेले आणि 5 वर गेले! याचेही कारण आपल्या रचनेतच आहे. आपल्यात दोन्ही व्होल्टेजवर मिळून एकच नियंत्रण. 12 वर ताण आला की ते सगळ्यांनाच ढकलते, 12 पुरते सावरत नाही आणि ज्याने काही मागितले नव्हते त्या 5 च्या ताटात जास्तीचे पडते. सरकारी अनुदानाची पद्धत आपण इतक्या छोट्या डब्यात बसवलीत, याबद्दल अभिनंदन.

आता आपल्या अंगावरच्या लेबलाकडे येऊ. वर ठळक अक्षरात 500 वॉट. खाली बारीक अक्षरात : 12 व्होल्टला 16 अँपिअर, 5 व्होल्टला 30, 3.3 व्होल्टला 22. गुणाकार चौथीतल्या पोरालाही येतो. 192, 150 आणि सुमारे 73. स्टँडबायचे 10 आणि उणे 12 व्होल्टचे 6 धरले तरी 431. उरलेले 69 वॉट आपण कुठे ठेवलेत? 7/12 वर क्षेत्र जास्त आणि बांधावर जमीन कमी, असा प्रकार आमच्याकडे नवा नाही. पण निदान तिथे मोजणी तरी लावता येते.

शिवाय हे 431 सुद्धा एकदम मिळत नाहीत, आणि मिळाले तरी चुकीच्या खिशात. 2000 सालाच्या आधी प्रोसेसर 5 व्होल्टच्या वाटेने वीज घ्यायचा. पेंटियम 4 आला, त्याच्यासोबत 12 व्होल्टची चार पिनांची वेगळी वायर आली, आणि सगळा बोजा 12 वर गेला. ही बातमी आपल्यापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. 5 व्होल्टला 30 अँपिअर घेऊन आपण कोणाची वाट बघत आहात?

दोस्ताच्या मशीनचा हिशेब असा. प्रोसेसरचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 15 टक्क्यांनी वाढला, व्होल्टेजमुळे आणखी 15 टक्के. 125 चे झाले 166 वॉट. मदरबोर्डवर 12 चे कोअरचे व्होल्टेज करणाऱ्या व्हीआरएममध्ये थोडे उष्णतेत जाते, ते धरून 12 व्होल्टवर 16 अँपिअर. म्हणजे आपली सगळी ताकद एकट्या प्रोसेसरने संपवली. वर ग्राफिक कार्डाचे 120 वॉट, म्हणजे आणखी 10 अँपिअर. मागणी 26, लेबलवर 16. त्यात व्हीआरएमची सवय अशी की 12 चे 11 झाले तर तो तेवढेच वॉट मिळवायला जास्त अँपिअर ओढतो. त्यामुळे आपण आणखी खाली, तो आणखी ओढणार, आणि मग बोहल्यावरून थेट काळा स्क्रीन.

अशा वेळी आपण प्रामाणिकपणे हात वर करावेत म्हणून एक करड्या रंगाची वायर असते. व्होल्टेज ठीक असेपर्यंत तिच्यावर 'सगळे ठीक' असा सिग्नल, बिघडले की तो काढून घ्यायचा. आपल्या काही स्वस्त भावंडांत हा सिग्नल नुसता 5 व्होल्टला जोडून दिलेला असतो. आग लागली तरी सगळे ठीक.

ग्राफिक कार्डासाठी आपल्याकडे सहा पिनांची वायरच नव्हती. मग हार्डडिस्कच्या दोन मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावला गेला, आणि ते दोन्ही मोलेक्स एकाच बारीक पिवळ्या वायरीवर. अशा वायरीतून 6 अँपिअर गेले की जाण्यायेण्याच्या वाटेतच पाव व्होल्टपर्यंत गळती. पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याला विचारा, तो समजावून सांगेल.

न्यायाने वागायचे तर एक आरोप मागे घेतो. लोडवर कोअरचे 1.45 व्होल्ट 1.38 पर्यंत उतरत होते, त्याचे खापरही दोस्त आपल्यावर फोडत होता. ते काम मदरबोर्डचे. लोड आला की कोअर व्होल्टेज थोडे उतरू द्यायचे, अशीच त्याची रचना असते आणि बायोसमधल्या लोडलाइनच्या सेटिंगने ते कमी-जास्त करता येते. त्यात आपण निर्दोष.

सुटण्याची आणखी एक वाट आपल्या वकिलांनी सुचवली : डबा उघडा, आतला प्रिसेट स्क्रूड्रायव्हरने फिरवा, 12 वर येईल. येईल ना. सोबत आधीच 5.3 झालेले 5 व्होल्टही वर जाईल आणि हार्डडिस्कमध्ये साठवलेली आख्खी लग्नसराई घेऊन जाईल. शिवाय आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या आसपास दबा धरून बसलेले असतात. हा उद्योग कोणी करू नये.

दोस्तालाही सोडत नाही. 15 टक्के जास्त वेगाने तासाभराचा एक्स्पोर्ट 52 मिनिटांत होतो. आठ मिनिटांसाठी मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, 2012 चा प्रोसेसर 4.6 वर पळवायचा, यात शहाणपण किती ते त्याने ठरवावे. पण त्याने चूक केली तर स्वतःच्या मशीनवर आणि उघडपणे. आपण मात्र लेबल लावून खोटे बोललात.

तेव्हा निकाल. पुण्याच्या तपकीर गल्लीतून 550 वॉटचा दुसरा सप्लाय आणला आहे. त्याच्यातून 12 व्होल्टच्या एकाच वाटेवर 40 अँपिअरच्या वर मिळतात, 5 आणि 3.3 तो त्या 12 मधूनच वेगळे करतो, आणि ग्राफिक कार्डाला स्वतःची सहा पिनांची वायर देतो. इनपुट 100 ते 240 व्होल्ट, मागे व्होल्टेज निवडायचा लाल स्विच नाही. म्हणजे संध्याकाळी 190 आले तरी तो भिंतीतून थोडे जास्त अँपिअर ओढतो आणि आत 12 चे 12 च ठेवतो. पैसे चार हजारांच्या आसपास गेले, स्टॅबिलायझर आणि यूपीएस मिळून झालेल्या खर्चापेक्षा कमी. प्रोसेसर 4.4 वर आणला. काल संध्याकाळी, मोटारी चालू असताना, पूर्ण लोडवर पिवळ्या वायरीत 11.97 होते आणि वरात निघून गेली.

आपल्याला भंगारात दिले आहे. लेबल खरडून टाकले, नाहीतर तिथून धुऊन-पुसून परत दुकानात आला असता.

पत्र उघडे आहे म्हणून भोर, नसरापूर, वेल्ह्याच्या वाचकांना एक विनंती : दुकानात वॉट विचारू नका, 12 व्होल्टला अँपिअर किती ते विचारा, आणि दुकानदार म्हणाला "तेवढं कशाला बघता," तर कॅबिनेट तिथेच ठेवून बाहेर पडा.

आपला,
भोरचा एक मीटरवाला