दाजी आणि ग्रेलिंगचं अस्वल

आमचे दाजी डेट्रॉइटजवळ राहतात, मोटारींच्या धंद्यात आहेत आणि दर तीन वर्षांनी स्वतःची गाडी बदलतात. अशा माणसाला जुन्या वस्तूची बाधा होईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पण एका शनिवारी ते गराज सेलला गवत कापायचं यंत्र आणायला गेले आणि धनुष्य घेऊन आले.

"१९५३ सालचं आहे!" दारातूनच ते म्हणाले.

"अहो, मग गवत कापेल का ते?" ताईने आतून विचारलं.

धनुष्यावर खरंच १९५३ छापलेलं होतं. महिनाभर दाजींनी ते साल येईल त्या पाहुण्याला दाखवलं. मग कुणीतरी जाणकार भेटला. त्याने सांगितलं, की हे साल कॅनडातल्या पेटंटचं. ते पुढे कित्येक वर्षं धनुष्यांवर छापलं जात होतं, आणि हे धनुष्य साठीच्या दशकाच्या अखेरचं. फसलेला माणूस एक तर नाद सोडतो, नाहीतर त्या विषयातला तज्ज्ञ होतो. दाजी तज्ज्ञ झाले.

आता मिशिगनमधल्या कुठल्याही अडगळीत त्यांना रिकर्व्ह धनुष्य दिसलं, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, की ते आधी गाव वाचतात. ही धनुष्यं बनवणाऱ्या फ्रेड बेअरचा कारखाना १९४७ पासून ग्रेलिंगला होता, १९७८ मध्ये तो फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेला. ग्रेलिंग लिहिलेलं असलं तर सोयरीक पुढे सरकते. गेन्सव्हिल असलं तर दाजी चहा न घेता उठतात. या फ्रेड बेअरबद्दल ते चुलत आजोबांसारखं बोलतात. "तोही आधी डेट्रॉइटला मोटारीच्या कंपनीतच होता, बरं का! पॅकार्डमध्ये साचे करायचा. १९२७ मध्ये आर्थर यंगचा शिकारीचा सिनेमा पाहिला आणि आयुष्य बदललं." इथे ते थोडे थांबतात. आपणही मोटारीतच आहोत, एवढं ऐकणाऱ्याच्या लक्षात यावं म्हणून.

मग मुलगी बघण्याचा कार्यक्रम सुरू होतो. बेअर म्हणजे अस्वल, म्हणून मुठीच्या वर अस्वलाचं छोटं नाणं बसवलेलं असतं, ते शाबूत आहे ना? धनुष्य डोळ्यासमोर आडवं धरून दाजी एक डोळा मिटतात: टोकांना पीळ तर नाही? फायबरग्लास आणि लाकडाचे थर कुठे सुटलेत का? शेवटी खिशातून कापसाचा बोळा निघतो. तो कडेवरून हळूच फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे चीर. वरच्या रोगणाला गेलेले तडे चालतात, खालच्या फायबरग्लासला गेलेले चालत नाहीत. हे तडे ओळखताना दाजींचा चेहरा डॉक्टरचा होतो आणि विकणाऱ्याचा चेहरा रुग्णाच्या नातेवाइकाचा.

धनुष्याच्या दोन पात्यांना या मंडळींत 'लिंब' म्हणतात. "दोन्ही लिंबं अगदी सरळ आहेत," असं दाजी फोनवर म्हणाले, तेव्हा ताईने मीठ-हळद काढून ठेवली होती.

दोरी चढवणं हा वेगळाच सोहळा. पायात अडकवून चढवली तर पात्यांना पीळ बसतो, म्हणून त्यासाठीही एक वेगळी दोरी लागते. शिवाय चढवायची ती डॅक्रॉनचीच. ती थोडी ताणते आणि झटका पोटात घेते. नव्या, न ताणणाऱ्या दोऱ्यांनी जुन्या धनुष्यांची टोकं उडतात. हे सगळं सांगून झाल्यावर दाजी बजावतात, "बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही. मोडेल!" ताई म्हणते, "रामाने मोडलं तेव्हा बायको मिळाली. तुम्ही मोडलंत तरी एक सुटेल."

गाडी उन्हात तापली तर थर सुटतात म्हणून धनुष्य गाडीत एकटं ठेवायचं नाही. मी विमानतळावर उतरलो तेव्हा ताई एकटीच आत आली होती. दाजी बाहेर एसी लावून धनुष्याला सोबत करत बसले होते.

रविवारी मला मैदानावर नेलं. शेजारी एक पोरगा कंपाउंड धनुष्य घेऊन उभा होता. त्याच्या टोकांना चाकं. दाजी मराठीत पुटपुटले, "धनुष्य आहे का रहाट?" मग त्यांनी बेअरच्या धनुष्यांतली आपली ५८ इंची ग्रिझली काढली. तिच्यावर ४५ पौंड लिहिलेत, पण ते २८ इंच ओढल्यावरचे. दाजींची ओढ २६ इंचांवर संपते, त्यामुळे चारपाच पौंड तिथेच गळतात. आम्ही पंधरा यार्डांवर उभे राहिलो. दाजींच्या पंथात नेम धरणं कमीपणाचं असतं. फक्त लक्ष्याकडे बघायचं आणि हाताला ठरवू द्यायचं. त्यांच्या हाताने ठरवलेला पहिला बाण गवतात गेला. दुसरा लक्ष्याला लागला, पण शेजारच्या. तिसऱ्याच्या वेळी फोटोसाठी हातावरचं चामडी कवच काढलेलं होतं. दोरी कोपराखाली अशी सणकून बसली की तिथे जांभळा वळ उठला.

"आवाज ऐकलास?" वळ चोळत दाजी म्हणाले. "किती शांत धनुष्य आहे!"

रात्री आम्ही तळघरात बसलो. भिंतीवर खुंट्यांना सात धनुष्यं आडवी टांगलेली. दाजी भिंग लावून एकाची अक्षरं वाचत होते. पात्यावर पहिल्या मालकाने आपलं नाव शाईने लिहून ठेवलं होतं. "कुणाचे तरी आजोबा असतील रे," ते हळवे होऊन म्हणाले. "पोरांनी वीस डॉलरला विकून टाकलं. काय म्हणावं या लोकांना!"

मी काही बोललो नाही. मग त्यांनाच काहीतरी आठवलं.

"आपल्या वाईच्या घरातला तो तांब्याचा बंब... आहे ना?"

"मोडीत गेला, दाजी. घर विकलं तेव्हा तुम्हीच फोनवर म्हणालात, किलोवर देऊन टाक."

भिंग खाली आलं. बराच वेळ वर ताईच्या भांड्यांचाच आवाज येत होता.

"त्यावर काही लिहिलेलं होतं का रे?"

"होतं की. तुमच्या आजोबांचं नाव, गाव, साल, सगळं ठोकून घातलेलं. कॅनडाचं पेटंट तेवढं नव्हतं."