पंपाच्या गावचे पाहुणे

आमची गाडी गॅसवर चालते, हे माळशिरसमध्ये मोठ्याने सांगायची सोय नाही. समोरचा लगेच आवाज उतरवतो. "घरचीच टाकी लावता का?"

त्याचा तरी काय दोष? तालुक्याने गाडीतला गॅस पाहिला तो वडापच्या ओम्नीत. सीटखाली १४.२ किलोचं लाल सिलिंडर, वर दाटीवाटीने माणसं. गळती कळावी म्हणून गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो. तो आला, की एखादी म्हातारी दचकायची, "आगं बया, घरी गॅस चालूच राहिला वाटतं!" आणि निम्म्या वाटेत गाडी थांबवायला लावायची.

माझी गाडी मात्र सरळमार्गी आहे. २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि गाडीत एलपीजी घालायला परवानगी मिळाली. अर्थात पंपावरचा, घरगुती सिलिंडर लावला तर आजही गुन्हाच. पुढे २००६ मध्ये मारुतीने कंपनीतूनच टाकी बसवलेली वॅगन आर ड्युओ काढली. त्यातलीच एक, दोन मालक फिरून माझ्या दारात आली. आरसी बुकात दोन्ही इंधनांची नोंद आहे. शंकेखोरांसाठी त्याची झेरॉक्स खिशात ठेवतो.

कायदा आला, गाडी आली, पंप तेवढा यायचा राहिला. आमचा पंप म्हणजे सोलापूर, नाहीतर पुणे. सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. त्यातून टाकी ८० टक्केच भरतात. उन्हात गॅस फुगतो, त्याला वर जागा लागते. माळशिरसचं मे महिन्यातलं ऊन बघता हे पटतं. पण उरलेल्या २० टक्क्यांत अकलूजचा बाजार झाला असता, हे काही मनातून जात नाही.

यामुळे सोलापूरच्या पाहुण्यांशी आमचे संबंध फार सुधारले. ज्या मावसभावाशी मानपानावरून बोलणं बंद होतं, त्याच्या नातवाच्या बारशाला आम्ही पाळणा बांधायच्या आधी हजर. म्हसवडच्या आत्या मात्र रुसल्यात. त्यांना कसं सांगायचं, की आत्या, माया तेवढीच आहे, पण तुमच्या वाटेवर पंप नाही?

आषाढात माऊलींची पालखी मुक्कामाला आली, की जीव नुसता तुटतो. दिंड्यांच्या ट्रकांतून सिलिंडर उतरतात, राहुट्याराहुट्यांत शेगड्या पेटतात. गावभर गॅसच गॅस, आणि आमची गाडी पेट्रोलवर! गेल्या वारीत मी एका ट्रकाकडे जरा जास्तच वेळ बघत उभा राहिलो, तर बायको म्हणाली, "दर्शनाची रांग तिकडे आहे."

बरं, पेट्रोल तरी निव्वळ पेट्रोल कुठे राहिलंय? त्यात आता २० टक्के इथेनॉल. आपल्या रानातला ऊस कारखान्याला घालायचा, बिलासाठी चकरा मारायच्या, आणि बिल हातात पडलं की पंपावर जाऊन तोच ऊस विकत घ्यायचा. शेजारी म्हणतो, सीएनजी घ्या. पण त्याला सुमारे २०० बारचा दाब, म्हणून डिकीत जाडजूड नळकांडं. त्याच्या गाडीत बायको बॅगा मांडीवर घेऊन बसते आणि तो मायलेज सांगतो.

परवा मुलीसाठी स्थळ आलं. मुलगा बँकेत, जुळे सोलापुरात स्वतःचं घर, शेती बागायत. मध्यस्थांनी पत्रिका पुढे केली. मी म्हटलं, "पत्रिका राहू द्या. घरापासून गॅसचा पंप किती लांब?"

आतून मुलीचा आवाज आला, "आबा, पंप पुण्यातही आहेत. आणि मुलगापण."