एकही ओळ न लिहिता ओपन सोर्स गाजवा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

तुम्ही इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहात, प्लेसमेंट तोंडावर आली आहे आणि रेझ्युमेवर 'ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युटर' असं लिहिलं की मुलाखत घेणारा खुर्चीत सावरून बसतो, हे एका सीनियरने तुमच्या कानात सांगितलं आहे. सीनियर खरं बोलला. या बिरुदामागे थोडं काम असावं लागतं असा एक जुनाट समज आहे खरा. पण घाबरू नका. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. प्रोग्रामिंग आलंच पाहिजे अशी अट नाही. येत असेल तर मात्र ते कुणाला कळू देऊ नका, लोक कामाला लावतात.

१. आधी वेश धारण करा.

लॅपटॉपवर लिनक्स टाका. उबुंटू नको; ते मुकाट्याने चालतं, आणि मुकाट्याने चालणाऱ्या वस्तूबद्दल चारचौघांत बोलणार काय? आर्च टाका. ऐन प्रेझेंटेशनच्या दिवशी वायफाय रुसेल, प्रोजेक्टर तुम्हाला ओळखणार नाही, पण "मी आर्च वापरतो" हे वाक्य कुठल्याही संभाषणात घुसवायचा हक्क तुम्हाला कायमचा मिळेल. दुसरं कुणी नुसतं 'लिनक्स' म्हणालं की लगेच "ग्नू-लिनक्स!" अशी दुरुस्ती करा. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली १९८३ साली, लिनस टोरवाल्ड्सचं कर्नल आलं १९९१ साली, आणि मधल्या आठ वर्षांत कंपायलर, एडिटर, शेल असा सगळा संसार मांडून झाला होता, हे सविस्तर सांगा. समोरच्याची बस चुकली तर तो त्याचा प्रश्न.

एडिटर म्हणून विम घ्या. त्यातून बाहेर पडता येत नसेल तर ओशाळू नका. 'विममधून बाहेर कसं पडायचं' हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा उघडला गेला होता. आत बरीच मंडळी आहेत.

२. प्रकल्प निवडा.

आपण रोज वापरतो तो प्रकल्प निवडायची चूक करू नका. नाव मोठं पाहिजे. मुंबईत जन्मलेलं ईआरपीनेक्स्ट आहे, कारखान्यांचा माल आणि हिशेब सांभाळतं, सगळा कोड खुला आहे. तिथे तुमची अडचण मराठीत ऐकून घेणारा एखादा माणूसही भेटेल. नकोच. पिकतं तिथे विकत नाही. तसंच देवनागरी फॉन्टांच्या वाटेलाही जाऊ नका. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदीहून निराळे असतात, तरी पडद्यावर अजून कित्येक ठिकाणी हिंदी वळणच दिसतं. कुठे काय चुकतंय हे नेमकं दाखवून द्यायला मराठी वाचता येणं एवढं भांडवल पुरतं. पण "मी ल सुधारला" असं मुलाखतीत म्हणून पाहा बरं!

३. पहिलं योगदान द्या.

प्रत्येक प्रकल्पात रीडमी नावाची एक फाइल असते. तिच्यात प्रकल्प काय आहे हे लिहिलेलं असतं, तेव्हा ती वाचायचं कारण नाही. ती उघडा, तळाशी स्वतःचं नाव टाका, पुल रिक्वेस्ट (म्हणजे 'माझा बदल सामावून घ्या' अशी विनंती) पाठवा. झालं योगदान.

ही पद्धत अनुभवसिद्ध आहे. जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहिणारे असंख्य लोक एक्सप्रेस नावाच्या फ्रेमवर्कवर विसंबून असतात. २०२४ च्या सुरुवातीला त्याच्या मेंटेनरांकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्यांकडे, अशा रीडमी-दुरुस्त्यांची रांग लागली: कुणी नाव घातलं, कुणी कॉलेज, कुणी नुसतंच नमस्कार-चमत्कार. पुल रिक्वेस्ट कशी करतात हे एका लोकप्रिय हिंदी व्हिडिओत एक्सप्रेसचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं. उदाहरण म्हणून दाखवलेली गोष्ट जशीच्या तशी उतरवून काढायची, ही आपली परीक्षापद्धतीने घडवलेली पिढीजात शिस्त. तिला मेंटेनर काय करणार? बिचारे एकेक करून बंद करत बसले.

त्याआधी २०२० च्या ऑक्टोबरातही हेच झालं होतं, फक्त तेव्हा बक्षीस रोख होतं: टी-शर्ट. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात महिनाभरात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट घरपोच. लोकांनी दुसऱ्यांच्या प्रकल्पांच्या शीर्षकाला 'ऑसम' हे विशेषण जोडून चार-चार योगदानं पुरी केली. महिना उजाडून चार दिवस होत नाहीत तोच आयोजकांना नियम बदलावा लागला, की ज्या प्रकल्पांना हा पाहुणचार हवा आहे त्यांनीच तसं कळवावं, बाकीच्यांना सोडा. हौशी माणसाचा उत्साह असा पहिल्याच आठवड्यात मोडायचा नसतो. पण सांगणार कुणाला?

४. हिरवे चौकोन भरा.

गिटहबच्या प्रोफाइलवर वर्षभराच्या दिवसांचे चौकोन असतात. ज्या दिवशी काम केलं तो हिरवा होतो. रिकामे चौकोन पाहून खचू नका. गिटमध्ये कमिटची तारीख आपण म्हणू ती असते. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या सेमिस्टरची जर्नल मागच्या तारखा टाकून पुरी करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून जास्त शिकवण्याची गरज नाही. फक्त दिवाळीचे चार दिवस कोरे सोडा. खरं वाटतं.

५. मेंटेनरला धाकात ठेवा.

मेंटेनर म्हणजे असा माणूस, जो दिवसा नोकरी करतो आणि रात्री मुलं झोपल्यावर तुमच्यासाठी फुकट राबतो. असल्या माणसाशी आदबीने बोललात तर त्याला वाटेल हे उपकार आहेत. म्हणून पहिल्याच संदेशात मुदत घाला.

या बाबतीत मोठ्यांचा कित्ता गिरवा. स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून कर्ल नावाचं साधन सांभाळतो. ते तुमच्या फोनमध्ये असतं, टीव्हीत असतं, गाड्यांमध्येही असतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या घटकात भगदाड सापडलं आणि जगभर पळापळ झाली. जानेवारीत एका बलाढ्य कंपनीने स्टेनबर्गला पत्र धाडलं: तुमच्या उत्पादनावर याचा काय परिणाम, चोवीस तासांत कळवा. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, त्याचा लॉगफोरजेशी काडीचा संबंध नाही, आणि त्या कंपनीने त्याला छदामही दिलेला नव्हता. त्याने उलट कळवलं, सपोर्टचा करार करा, आनंदाने सगळं सांगतो. त्यावर कंपनीचं जे उत्तर आलं त्यात त्याला 'डेव्हिड' अशी हाक मारलेली होती. एवढी उंची तुम्हाला पहिल्याच वर्षी गाठता येणार नाही, पण नाव चुकवण्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

६. एआयकडून बग शोधून घ्या.

एआयला सांगा, "या कोडमध्ये गंभीर सुरक्षादोष शोध." तो नाही म्हणत नाही. दोष नसेल तर तो निर्माण करतो. फंक्शनचं नाव, ओळ क्रमांक, परिणाम सगळं पद्धतशीर. कर्लसारख्या प्रकल्पाकडे असे अहवाल इतके येऊ लागले, की स्टेनबर्गने जानेवारी २०२४ मध्येच जाहीर तक्रार केली. अहवाल वाईट लिहिलेला असेल तर चटकन फेकता येतो. हे सुबक असतात म्हणून वाचावे लागतात, आणि वेळ त्यातच जातो, असं त्याचं म्हणणं. पाहा, तुमच्या इंग्रजीचं कौतुकच झालं म्हणायचं. त्याने खुलासा मागितला तर तोही एआयलाच विचारा.

७. बातम्यांवर मत ठेवा.

कंपनीने खुला परवाना बदलून आवळला की 'विश्वासघात!' अशी पोस्ट टाका. काही काळाने ती पुन्हा खुल्या परवान्याकडे वळली की 'उशिरा सुचलेलं शहाणपण' अशी टाका. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये परवाना आवळला, काही दिवसांतच त्याच्या जुन्या खुल्या कोडवरून वाल्की हा फोर्क निघाला, आणि मे २०२५ मध्ये रेडिस एजीपीएल हा खुला परवाना घेऊन परत आलं. इलॅस्टिकसर्चनेही २०२१ ते २०२४ मध्ये हीच वारी केली. तेव्हा दोन्ही पोस्ट आताच लिहून ठेवा, कंपनीच्या नावाची जागा कोरी सोडा. परवाना वाचू नका. मत मऊ पडतं.

८. खरोखर काम करावंसं वाटलं तर सावध राहा.

असं होतं कधीकधी. एखाद्या प्रकल्पाची गोडी लागते, टेस्ट लिहाव्याशा वाटतात, दमलेल्या मेंटेनरचा भार उचलावासा वाटतो. आवरा. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाकडे असाच एक जण आला होता, जिया तान या नावाने. दोन वर्षांहून जास्त काळ नेमाने पॅच, नम्र भाषा. तिकडे काही अनोळखी खाती थकलेल्या मेंटेनरच्या मागे लागली होती, की तुम्हाला झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने बिचाऱ्याने दिलं. २०२४ च्या आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१ यांत चोरदरवाजा निघाला. तो उघडकीस आला २९ मार्चला, तेही आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरला लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय हे खटकलं म्हणून.

तेव्हापासून नवख्या माणसाने मन लावून काम केलं की लोक बिचकतात. म्हणून चांगला पॅच पाठवायचाच असेल तर सोबत आधारकार्डाची झेरॉक्स जोडा आणि मजकुरात दोन-तीन चुका राहू द्या. मेंटेनरचं उत्तर महिनोन्महिने आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. तो अजून तुमच्या बॅचचे रीडमी बंद करतो आहे.