साडेबारातून पावणेचार गेले

मराठी संख्यांत दशक मागून येतो. 'त्र्याण्णव' ऐकताना तीन आधी कानावर पडतात, लिहिताना मात्र नऊ आधी. मग दुसरीतले मूल ३९ लिहिते आणि लाल फुली कमावते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने 'नव्वद तीन' असे वाचनही सुचवले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जुनी नावे पुस्तकात शेजारीच छापलेली होती. परंतु पुस्तक उघडणे ही टीकेची पूर्वअट नसल्याने भाषा बुडाल्याची हाकाटी थेट विधानसभेत पोहोचली. कन्नड, तेलुगू मुले दशक आधीच बोलतात. त्या भाषा बुडाल्याची बातमी अद्याप नाही.

नवी मुंबईतल्या द्रोणागिरीत घरचे गणित शाळेच्या पुढे धावते. शहरासाठी जमिनी घेतल्या गेल्या, त्याविरुद्धच्या १९८४ च्या जासई आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले आणि पुढे प्रकल्पग्रस्तांसाठी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. अपूर्णांक आणि टक्केवारी इथल्या ओटीवर पाढ्यांच्याही आधी येतात. जुन्या पावकीच्या हिशेबात हा वाटा अर्धा पाव. त्यातही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा, म्हणजे हाती पावणेनऊ. इतकी अवघड वजाबाकी आजोबा बोटांवर करतात. नातवाला शाळेत मणी आणि काड्यांचे गठ्ठे मिळतात, हे बरेच म्हणायचे. शंभरातले उरलेले कुठे गेले, हे नातवाने विचारलेच तर तो नागरिकशास्त्राचा प्रश्न ठरतो. दुसरीला तो विषय नाही.