मुंबईत हेच कितीला पडलं असतं!

आमच्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वापरात नाही. वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना ‘आठ बावीस’ म्हणतात. बँकेतली सगळी नोकरी त्यांनी डोंबिवलीहून आठ बावीसची फास्ट पकडून केली. निवृत्तीनंतर मुलाचं लग्न उरकलं, वन बीएचके विकला आणि कोल्हापुरात ताराबाई पार्कात टू बीएचके घेतला. उरलेले पैसे ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले आणि जाहीर केलं, “आता निवांत जगायचं.” तेव्हापासून इमारतीत कुणाला निवांतपणा नाही.

ही जमात हल्ली आमच्याकडे बरीच दिसते. ओळखायची खूण सोपी आहे. दुकानदारानं किंमत सांगितली की आपण कोल्हापूरकर दचकतो, हे हसतात. “मुंबईत हेच कितीला पडलं असतं!” या एका वाक्यावर काकांनी चार जोड कोल्हापुरी चपला घेतल्या. त्या पायाला चावतात, पण दर चावत नाही म्हणून घेतल्या. दात सगळे शाबूत असताना केवळ स्वस्त पडते म्हणून ते कवळीची चौकशी करून आले. स्वस्ताईपायी महिन्याचा खर्च डोंबिवलीपेक्षा वाढला आहे, हे काकूंनी वहीत लिहून दाखवलं. काकांनी ती वही बघितली आणि विचारलं, “ही वही केवढ्याला मिळाली?”

फ्लॅट बघताना जाणता माणूस इथं पहिला प्रश्न विचारतो, “२०१९ ला पाणी कुठवर आलतं?” काकांनी विचारलं, “स्टेशनपासून किती मिनिटं?” ज्या गावात रेल्वे येऊन संपते, त्या गावात स्टेशनजवळ राहून जायचं कुठं, हे एजंटालाही कळेना. पण सवय माणसाच्या पायात असते. रंकाळ्यावर बाकीचे फिरायला येतात, काका ओव्हरटेक करायला येतात. केएमटीत बसायला जागा असली तरी ते एक स्टॉप आधीच उठून दाराशी उभे राहतात आणि पुढच्याला विचारतात, “उतरणार का?” त्या बिचाऱ्याला वाटतं आपण चुकीच्या बसमध्ये बसलोय. “काका, एवढी गडबड कशाला करतासा? बसा की!” असं कंडक्टर रोज म्हणतो. काका बसत नाहीत. ज्यानं आयुष्यभर बसायला जागा शोधली, त्याला ती फुकट मिळाली की संशय येतो.

एक गोष्ट मात्र त्यांना इथं मनासारखी सापडली. पावसाळा लागला की सगळं कोल्हापूर एकमेकांना विचारतं, “किती फूट?” म्हणजे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा कुठवर चढली. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोक्याची. काकांच्या आयुष्यातून स्टेशनवरचा इंडिकेटर गेला होता, त्याची जागा बंधाऱ्यानं भरून काढली. सकाळी सहाला जिन्यातून घोषणा होते, “छत्तीस फूट नऊ इंच!” पुढची गाडी सुटल्यासारखे लोक दारं उघडतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि महामार्ग बंद पडला, तेव्हा काका डोंबिवलीत होते. पण आता ते त्या पुराच्या आठवणी अशा सांगतात, की शिरोलीच्या पुलावर आम्हीच नव्हतो असं वाटायला लागतं.

निवृत्ती ‘ॲक्टिव्ह’ हवी, हा त्यांचा आणखी एक हट्ट. एसटीत पासष्ट ओलांडलेले म्हणून काकांना अर्धं तिकीट आणि बाई म्हणून काकूंनाही अर्धं. म्हणजे दोघांत मिळून एक. हा हिशोब ज्या दिवशी काकांच्या लक्षात आला, त्या दिवसापासून काकूंचे हाल सुरू झाले. जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी सगळं होऊन गेलं. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छताकडे सगळे हात जोडून बघत होते. काका त्या मोकळ्या आकाशाखाली उभे राहून कार्पेट एरियाचा अंदाज करत होते.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर मी त्यांना घेऊन गेलो होतो. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळता पेला हातात देतात. दूध पिशवीतच जन्माला येतं अशी ठाम समजूत असलेल्या माणसानं पेल्याच्या तळाशी बघून विचारलं, “डेट कुठं छापलीय?” गवळी म्हशीकडे बघत राहिला. मिसळीचंही तेच. पहिल्या दिवशी “तिखट कमी आणि ब्रेड नको, पाव द्या” अशी सुरुवात झाली. वर्षभरात “कट आण अजून” इथवर मजल गेली. मिसळीत वाचतात तेवढे पैसे ॲसिडिटीच्या गोळ्यांत जातात, पण गोळ्यांचा दर सगळीकडे सारखाच असल्यानं काका त्याबद्दल गप्प असतात.

खरं कोल्हापूर पचवलं ते काकूंनी. येताना त्या रडल्या होत्या, हे काका सांगतात. आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मिरच्या निवडून, डंकावर उभं राहून वर्षाची चटणी कुटून आणली. भिशी लावली. भाजीवाली त्यांना हाक मारून थांबवते आणि काकांना दुप्पट भाव सांगते. दुप्पट भावही स्वस्त वाटल्यानं काका खूश होऊन परततात. त्या बाईच्या दृष्टीनं ही निवृत्तीच सगळ्यात फायद्याची.

काकांचं डोंबिवलीतल्या निम्म्या नातलगांना फोनवरून कोल्हापूर विकून झालं आहे. मध्यंतरी आमच्या समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजली इमारतीचा फलक लागला आणि काकांच्या गॅलरीतला वारा अडणार असं दिसायला लागलं. काका खाली उतरले आणि आयुष्यातलं पहिलं अस्सल कोल्हापुरी वाक्य वॉचमनला ऐकवलं, “बाहेरची लोकं येऊन रेट वाढवायलेत बघ. गाव राहिलं न्हाई आता.”

संध्याकाळी त्यांचे ठाण्याचे साडू त्याच इमारतीतला फ्लॅट बघायला आले. एजंटाचा नंबर काकांनीच दिला होता.