साउंड कार्ड घेण्याचा शास्त्रोक्त विधी

संगणकाचा आवाज एकाएकी ‘सपाट’ वाटू लागणे हे या व्याधीचे पहिले लक्षण. दुसरे, बेगडेवाडीहून लोकल धरून पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे वळणारी पावले. अशा कानसेनाने निघण्यापूर्वी थोडा इतिहास ऐकावा. वेगळ्या साउंड कार्डाचा हा हट्ट मुळात खोटा नव्हता. जुन्या पीसीकडे ‘टूं’ करणारा एक भोंगा तेवढा असे. १९८९मध्ये साउंड ब्लास्टर हे कार्ड आले आणि त्याला खरोखर कंठ फुटला. पुढे इंटेलने १९९७मध्ये एसी ९७ आणि २००४मध्ये एचडी ऑडिओ ही मानके आणली, आणि तेच काम मदरबोर्डवरची नखाएवढी चिप करू लागली. विंडोज व्हिस्टाने तर गेममधल्या आवाजाचे गणित कार्डावर सोडवण्याची जुनी सोयही काढून घेतली. कार्डाची नोकरी गेली; भक्तांना कळवायचे राहिले.

आता हिशेब. सीडीच्या १६ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजामध्ये सुमारे ९६ डेसिबलांचे अंतर मावते, आणि आजची बरी चिप तेवढे सांभाळते. शांत म्हणवणाऱ्या खोलीतही ३० डेसिबलांच्या आसपास गलबला असतोच. घर रुळालगत असेल तर बेगडेवाडीला न थांबता धडधडत जाणारी एक्स्प्रेस उरलेले काम करते. साध्या स्पीकरची विकृती टक्क्यांत मोजतात, चिपची टक्क्याच्या शतांशात. तरी शिक्षा चिपलाच! गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७मध्ये गेले; त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत जे उतरलेच नाही, ते कार्ड आणणार कुठून? (त्या खरखरीतून सूर वेचत बसणाऱ्याला मात्र सर्व गुन्हे माफ. निदान तो ऐकतो तरी.)

‘पण मला फरक जाणवतो ना!’ हा आक्षेप ठरलेला. जाणवणारच, पैसे मोजलेत. म्हणून नियम असा की, ज्याने बिल भरले त्याने परीक्षक होऊ नये. कार्ड आणि चिप या दोन्हींच्या आवाजाची पातळी मल्टिमीटरने जुळवावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘खुललेला’ वाटतो. मग कार्ड की चिप, हे घरच्या दुसऱ्या कोणी नाणे उडवून ठरवावे आणि आपण पाठ फिरवून ओळखावे. १० पैकी ९ वेळा जमले तर बोलावे; नुसत्या अंदाजाने तितके जमण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. हा प्रयोग सुचवला की कानसेनांना नेमके बाहेर काम निघते.

अपवाद आहेत, ते नाकारू नयेत. माउस हलवला की खरखर येत असेल, २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन पुरेसे वाजत नसतील, किंवा हार्मोनियम नीट रेकॉर्ड करायची असेल, तर खर्च रास्त आहे. पण तोही यूएसबीने जोडायच्या बाहेरच्या डबीवर करावा. कॅबिनेटच्या आतले कार्ड त्याच विजेच्या गोंगाटात बसलेले असते. ब्लूटूथ किंवा एचडीएमआयवरून ऐकणाऱ्यांनी तर विषयच सोडावा, तिथे कार्ड वाटेतही येत नाही. उरलेल्यांनी पैसे स्पीकरला द्यावेत. आणि त्याआधी हेडफोनची पिन कॅबिनेटच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या हिरव्या भोकात घालून पाहावी. पुष्कळदा खरखर तिथेच संपते, आणि याला काही खर्च पडत नाही.