चोवीस व्होल्टचे काका

विलेपार्ले पूर्वेच्या प्रत्येक इमारतीत एक निवृत्त इंजिनिअर असतो. नसला तर सोसायटीची सभा वेळेत संपते. तळमजल्यावरच्या आजींची विजेवर चालणारी मोबिलिटी स्कूटर (लेकीने न्यू जर्सीहून धाडलेली) लोकमान्य सेवा संघातल्या व्याख्यानाहून परतताना धापा टाकू लागली, की नव्या बॅटऱ्या निवडायचं काम न सांगता या काकांकडे जातं. ते मल्टीमीटर घेऊन खाली उतरतात आणि आजींना फाटकाचा चढ चढायला लावतात. उभ्या स्कूटरवर मरणासन्न बॅटरीही साडेबारा व्होल्ट दाखवून मोकळी होते, खरं काय ते ओझं पडल्यावर कळतं. शेजारीपाजारी गॅलरीतून हसतात. काका हास्यास्पद दिसतात हे मान्यच. पण शिसं आणि आम्ल भरलेली बॅटरी ही वस्तूच अशी, की चिकित्सक माणसाशिवाय कुणालाही ती फसवते.

काकांवरचा पहिला आक्षेप अर्थात खर्चाचा. अशा बहुतेक स्कूटरींत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून 24 व्होल्ट मिळवतात. 'एक गेलीय ना, मग एकच बदला,' हा सल्ला पार्ल्यात सहज पटतो. काका मात्र दोन्ही बदलायला लावतात; त्याही एका कंपनीच्या, एका क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या. भाचीच्या लग्नात पत्रिका बघायला कडाडून विरोध केलेला हा विवेकवादी गृहस्थ दुकानात दोन बॅटऱ्यांच्या जन्मतारखा चष्मा कपाळावर सारून ताडून पाहतो. पण इथे जुळणीला खरोखर अर्थ आहे. दोन्हींतून प्रवाह सारखाच वाहतो, त्यामुळे जुनी आधी रिकामी होते आणि नवी तिला तशीच पुढे फरफटत नेते. चार्जिंगला लावलं की जुनी लवकर भरून जास्तीचा मार खाते, नवी अर्धपोटी राहते. वाचवलेले पैसे वर्षभरही टिकत नाहीत.

दुसरा आक्षेप दुकानदाराचा : 'साहेब, बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट!' असं म्हणून तो मोटारीची नाही तर यूपीएसची बॅटरी पुढे सरकवतो. मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरता काही सेकंद जोर लावण्यासाठी असते. रोज तळापर्यंत उपसली तर लवकरच मान टाकते. यूपीएसची दिसायला हुबेहूब, पण ती भरलेल्या अवस्थेत वीज जाण्याची वाट बघत बसण्यासाठी घडवलेली. काका 'डीप सायकल'च मागतात. मग 35 अँपिअर-अवरचा हिशेब निघतो : हा आकडा सहसा 20 तासांच्या दराने मोजलेला, म्हणजे सतत पावणेदोन अँपिअर, स्कूटर चढावर त्याच्या कितीतरी पट ओढते, म्हणून पुरे 35 हाती लागत नाहीत. हे गणित दुकानदाराच्याच बिलबुकाच्या मागच्या बाजूला होतं. तोवर मागचं गिऱ्हाईक दुसरं दुकान गाठतं.

फोनवरून आजींचा नातू लिथियम बॅटरीचा आग्रह धरतो. वजन निम्म्याहून कमी, आयुष्य कितीतरी जास्त. काका यातलं काहीच नाकारत नाहीत. ते फक्त विचारतात की जुना चार्जर तिला मानवेल का, आणि स्कूटरच्या मोटरचा सुरुवातीचा झटका बॅटरीतलं संरक्षक सर्किट सोसेल का. शिवाय स्कूटरवरचे दिवे व्होल्टेज पाहून चार्ज सांगतात. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत ढळत नाही, म्हणजे दिवे 'भरपूर आहे' म्हणत असतानाच आजी रस्त्यात उभ्या!

उरला सगळ्यांचा लाडका आक्षेप : बाजार, देऊळ, नाट्यगृह, पार्ल्यात सगळं हाकेच्या अंतरावर, एवढ्यासाठी एवढा काथ्याकूट कशाला? पण अशा बॅटऱ्या धावण्यापेक्षा उभ्या राहूनच जास्त मरतात. पावसाळ्यात स्कूटर जिन्याखाली पडून राहते, चार्ज आपोआप गळतो, प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि दसऱ्याला पूजेपुरती ती बाहेर निघते. म्हणून काका जिन्याखालच्या भिंतीवर कॅलेंडर टांगून चार्जिंगच्या तारखांवर खुणा करतात. त्यांच्यावर हसणाऱ्या इमारतीत बॅटरी किती टिकते ते बघावं.

तेव्हा नवी जोडी घ्यायला जाताना तुमच्या इमारतीतल्या काकांना बरोबर न्या, जुन्या बॅटऱ्या भंगारात न टाकता दुकानातच परत करा, आणि दुकान उघडायच्या वेळेलाच पोहोचा. जेवायला घरी यायचं असेल तर.